सिगारेटच्या पाकिटातले राजे

१८८८ साली अमेरिकेतील रॉचेस्टर शहरच्या किम्बॉल कंपनीने सिगारेटच्या पाकिटांत घालण्यासाठी एक चित्रमालिका काढली. तिचे नाव ‘रानटी आणि अर्धरानटी सरदार व राज्यकर्ते’. पाकीट चेपू नये म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालीत. गिऱ्हाइकाने संच पुरा करण्यासाठी पुन्हा तीच सिगारेट घ्यावी, म्हणून त्यावर रंगीत चित्रे आली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील बर्डिक संग्रहात ही मालिका आहे.

आम्हांस चित्रांहून नावच अधिक बोलके वाटते. ‘रानटी’ ही उघड शिवी झाली. ‘अर्धरानटी’ म्हणणाऱ्याने मात्र हाती तराजू घेतलेला असतो, आणि तो त्याला कोणी दिला हे चित्राच्या पाठीवर छापलेले नसते. पुढच्याच वर्षी रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीने ‘जगातील सार्वभौम राजे’ ही पन्नास चित्रांची निराळी मालिका काढली. राजा कोण आणि टोळीचा म्होरक्या कोण, हे असे तंबाखूच्या दुकानात ठरत होते.

त्याच काळातील हवाईचा राजा कलाकाउआ पाहा. १८८१ साली त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. राज्यावर असताना ती करणारा तो पहिलाच राजा. वाटेत तो मुंबईस उतरला, रोममध्ये परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांना भेटला. त्याच वर्षी मोलोकाय बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या फादर डेमियन यांना त्याच्या दरबाराने मानचिन्ह दिले; ते घेऊन त्याची बहीण, राजकन्या लिलिउओकलानी, स्वतः त्या वस्तीत गेली. राजा उधळा होता, हे खरेच. पण अमेरिकन वृत्तपत्रांतील व्यंगचित्रांनी त्या बहीणभावंडांना विदूषकांच्या पंक्तीस बसवले, ते काही उधळेपणासाठी नव्हे. १८८७ साली बंदुकीच्या धाकाने राजाचे अधिकार काढून घेण्यात आले, १८९३ साली लिलिउओकलानी राणीला पदच्युत केले आणि १८९८ साली बेटे अमेरिकेने घशात घातली. ज्याला आधीच हास्यास्पद ठरवले, त्याचे सिंहासन गेल्याची हळहळ कोणाला वाटणार?

संत डेमियनची कथा आपल्या घरांतून किती प्रेमाने सांगितली जाते! तिच्यात काळोख असतो, कुष्ठरोग असतो, दूरचे बेट असते. त्या वस्तीत चालत गेलेली राजकन्या मात्र आम्हांला तिच्यात क्वचितच भेटली.