बैलगाडी : बसणाऱ्याची आणि हाकणाऱ्याची

सिकंदराबादेतील आपल्या जुन्या मराठी घरांच्या दिवाणखान्यात लाकडी बैलगाडी हटकून आढळते, आणि आपल्या ललितलेखनातही. धर्माबाद वा उमरीच्या स्थानकावर उतरावे, बाहेर जुंपलेली गाडी उभी असावी, घुंगरांच्या नादात आजोळ जवळ यावे. लेखाचा हा साचा आता ठरून गेला आहे. आम्हीही तो एकदा गिरविला आहे. तेव्हा ही टीका प्रथम आमच्यावरच.

या लेखनात गाडी दिसते ती आत बसलेल्याला. जू, शिवळा, धाव, वंगण हे सारे येते. हाकणारा तेवढा बिननावाचा राहतो. आमच्या आजोळच्या बैलांची नावे आम्हांस आजही आठवतात, गाडीवानाचे आठवत नाही. मामेभावाला विचारून पाहिले. त्यालाही सांगता आले नाही.

आनंद यादव यांच्या 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीचे मोल येथे कळते. तिची कोल्हापूरकडची बोली आपल्याकडच्या वाचकाला प्रारंभी अडते, हे खरे. पण त्या बोलीत स्वतःची हकीकत सांगणारा नारबा हा गडी आहे. जमीन त्याची नाही, जनावरेही त्याची नाहीत. मळ्यात ट्रॅक्टर येतो, दावण रिकामी होत जाते आणि ज्याच्या मालकीचे काहीच नव्हते त्याचेच सर्वस्व जाते. ग्रामजीवनाचा ऱ्हास म्हणून या कृतीची चर्चा पुष्कळ झाली. आम्हांला तीत मालकी आणि माया यांची फारकत अधिक महत्त्वाची वाटते. वारशाचा शोक लिहून ठेवणारे बहुधा मालकांचे वारस असतात. आपण तेच आहोत.

वारशाचा हा प्रश्न न्यायालयापर्यंतही गेला. २०१४ साली बैलगाडा शर्यतींवर बंदी आली. पुढे महाराष्ट्राने केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरविला. पण शर्यतीच्या गाड्यावर ओझे नसते. ओझ्याची गाडी अजून चालते ती ऊसतोडीत. दर हंगामात बीडकडची कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जातात. त्यांतील कित्येक टायरच्या बैलगाडीतून कारखान्यावर ऊस पोचवितात. ही माणसे मराठवाड्याची, म्हणजे आपल्याच मुलखाची. आपल्या स्मरणलेखांत ही रबरी चाकांची गाडी आम्ही अद्याप वाचलेली नाही.