‘डी’मध्ये उभं राहणं

ऑटोमॅटिक गाडीचं कौतुक करणारे बहुतेक जण ती पळते कशी याबद्दल बोलतात. गिअर बदललेला कळत नाही, झटका बसत नाही, डाव्या पायाला आराम. हे सगळं खरं आहे. पण या यंत्राची खरी करामत दिसते ती गाडी उभी असताना. इंजिन चालू आहे, गिअर पडलेला आहे, चाकं जागच्या जागी आहेत आणि तरीही इंजिन बंद पडत नाही. साध्या गिअरच्या गाडीत क्लच न दाबता हे करू गेलात तर एक आचका बसेल आणि गाडी गप्प होईल. सिग्नलला आल्याआल्या दांडा ‘एन’वर ढकलणारा माणूस नेमकं हेच बघायचं सोडून देतो.

रायपुरात ते बघायला संधी भरपूर. टाटीबंधकडून जीई रोडनं आझाद चौक, तात्यापारा, जयस्तंभ, शास्त्री चौक करत तेलीबांध्यापर्यंत जायचं म्हणजे चालण्याइतकंच थांबणंही आलं. मे महिन्यात पारा 44 च्या पुढे, एसी पूर्ण जोरात, समोर सिग्नलचे आकडे उलटे उतरताहेत. अशा वेळी ब्रेक दाबून, ‘डी’मध्येच राहून काट्याकडे बघावं. आरपीएम 700 च्या आसपास स्थिर असतो. एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की काटा किंचित हलतो, इंजिन स्वतःला सावरून घेतं. आता दांडा ‘एन’वर न्या. स्टिअरिंगवरची बारीक थरथर कमी होते. परत ‘डी’वर आणा. अर्धा क्षण काहीच होत नाही, मग गाडी ब्रेकच्या विरुद्ध हलकेच ताणली जाते. इंजिन चाकांना हाक देतंय आणि ब्रेक त्यांना धरून आहे, हे सीटवर बसल्या जागी समजतं.

न्यूट्रलची सवय कुठून आली हे उघड आहे. तात्यापारा, चौबे कॉलनी इथल्या मराठी घरांत आधीच्या पिढीनं गाडी शिकली ती फियाटवर, अँबॅसॅडरवर, फार तर मारुती 800 वर. शिकवणाऱ्याचा पहिला दम असायचा की क्लचवर पाय ठेवून उभं राहायचं नाही. आणि तो दम रास्त होता. क्लच दाबून धरला की रिलीज बेअरिंग सतत दाबाखाली फिरतं, हाफ क्लचवर प्लेट घासून जाते. आमच्या काकांचा हात अजूनही शेजारच्या सीटवरून गिअरकडे वळतो.

‘अगं, न्यूट्रल कर. प्लेट जाईल.’

‘काका, यात ती प्लेटच नाही.’

‘मग इंजिन आणि चाकं यांच्यात आहे तरी काय?’

हा प्रश्न फार चांगला आहे, कारण त्याच्या उत्तरातच सगळी मौज आहे. मध्ये आहे तेल.

1905 साली हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यानं याचं पेटंट घेतलं, आणि तेही मोटारीसाठी नव्हे. तो श्टेटिनच्या व्हल्कन जहाजगोदीत काम करत होता. वाफेचं टर्बाइन फार वेगानं फिरतं आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरला तरच पाणी नीट रेटतो. या दोघांचं जमवायचं कसं, हा त्याच्यापुढचा प्रश्न. दातेरी चाकांची रास रचण्याऐवजी त्यानं मध्ये द्रव खेळवला. मोटारीत ही कल्पना पुढे आली. अमेरिकेत 1940 च्या ओल्ड्समोबाइलमध्ये हायड्रामॅटिक गिअरबॉक्स आला, त्यात साधं द्रव-कपलिंग होतं. 1948 च्या ब्यूकच्या डायनाफ्लोमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आला.

ताक घुसळताना रवी फिरते, ताक फिरतं आणि ताकाबरोबर भांडंही फिरू बघतं, म्हणून ते घट्ट धरावं लागतं. भांडं धरलं म्हणून रवी अडत नाही. कन्व्हर्टरमध्ये इंजिनला जोडलेलं पात्यांचं चाक ही रवी, गिअरबॉक्सकडचं चाक म्हणजे भांडं आणि ब्रेकवरचा पाय ही भांड्याची पकड. लोखंडाला लोखंड लागत नाही, त्यामुळे झिजायला काही नाही. ‘गिअरमध्ये उभी ठेवली तर घासेल’ ही भीती इथे लागू पडत नाही.

पण फ्योटिंगरची खरी प्रतिभा तिसऱ्या चाकात आहे. दोन चाकांच्या मधोमध एक लहान, वाकड्या पात्यांचा स्टेटर बसवलेला असतो. दुसऱ्या चाकावर आदळून उलट्या दिशेनं परतणारं तेल तो वळवतो आणि पहिल्या चाकाच्या फिरण्याच्या दिशेनं सोडतो. जे तेल वाटेत आडवं आलं असतं तेच मदतीला येतं, आणि बाहेर पडणारा पीळ आत आलेल्यापेक्षा जास्त, ढोबळमानानं दुपटीच्या आसपास होतो. आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. ही वाढ सर्वांत जास्त कधी मिळते? दुसरं चाक पूर्ण थांबलेलं असताना. गाडीनं वेग घेतला की ती घटत घटत संपते. आजच्या गाड्यांत तर हायवेला लागल्यावर एक लॉकअप क्लच दोन्ही चाकं थेट जोडून टाकतो आणि तेलाला कामच उरत नाही. म्हणजे इथून नागपूरला जाताना भंडाऱ्यापर्यंत बहुतांश वेळ जे यंत्र नुसतं सोबत फिरतं, ते शास्त्री चौकात उभं असताना मात्र आपल्या पूर्ण ताकदीनिशी तयार असतं.

तेल तापेल, ही शंका उरते, आणि रायपूरच्या उन्हाळ्यात ती झटकून टाकण्यासारखी नाही. थोडं गणित करू. कन्व्हर्टरचं पहिलं चाक इंजिनवर जो भार टाकतं तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, चाकं जखडलेली असताना एखादा कन्व्हर्टर 2000 आरपीएमला 150 न्यूटन-मीटर भार घेतो. मग 700 आरपीएमला तो भार आठव्या हिश्शावर, 18 न्यूटन-मीटरच्या आसपास येतो. त्याची शक्ती होते सुमारे 1.3 किलोवॉट, आणि ती सगळी उष्णता बनून तेलात जाते. दीड मिनिटाच्या सिग्नलला, कूलर नाही असं धरलं तरी, सहा-सात किलो तेल आठ-दहा अंशांनी तापेल. कूलर तर असतोच, आणि हे तेल एरवीही 80-90 अंशांवर काम करायलाच बनवलेलं असतं. तेल खरं शिजतं ते ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले तर, किंवा चढावर बोजा ओढताना. थोडं पेट्रोल मात्र जास्त जळतं, हे मान्य. म्हणूनच अनेक कंपन्यांनी अशी सोय केली आहे की दांडा ‘डी’वर, ब्रेक दाबलेला आणि गाडी थांबलेली असली की गिअरबॉक्स आतला पुढच्या चालीचा क्लच आपणच सैल सोडतो. आपण हातानं जे करायला निघतो ते यंत्रानं गुपचूप केलेलं असतं, आणि आपल्यापेक्षा सफाईनं.

कारण हातानं केलं की त्याची किंमत असते. ‘एन’वरून ‘डी’वर येताना त्या क्लचच्या पिस्टनमागे दाबाचं तेल भरावं लागतं, मग चकत्या एकमेकींना धरतात. तो मघाचा अर्धा क्षण म्हणजे हेच. प्रत्येक सिग्नलला हे दोनदा-तीनदा केल्यानं गिअरबॉक्स उद्या बसणार नाही, पण झीज असेल तर ती इथे आहे, उभं राहण्यात नाही. आणि मागच्याच्या हॉर्ननं गडबडून त्या अर्ध्या क्षणातच ॲक्सिलरेटर दाबला गेला, तर इंजिन मोकळं गुरगुरतं आणि चकत्या दणका देऊन लागतात. तो दणका कुणी ऐकला असेल तर त्याला जास्त सांगायला नको.

दांड्याची रचनाही बोटांनी वाचण्याजोगी आहे. सरळ रेषेतल्या बऱ्याच दांड्यांत ‘डी’वरून ‘एन’वर जायला बटण दाबावं लागत नाही, ‘एन’वरून ‘आर’वर जायला लागतं. म्हणजे संकटात, इंजिन ऐकेनासं झालं तर, न बघता तळहातानं ढकलून चाकं मोकळी करता यावीत, पण चुकून रिव्हर्स पडू नये. ‘एन’ची जागाही सहज ठरलेली नाही. काही जुन्या अमेरिकन गाड्यांत पुढे जायचे गिअर आणि रिव्हर्स शेजारी-शेजारी असत. 1968 पासून तिथल्या सुरक्षा-नियमानं पुढच्या आणि मागच्या चालीमध्ये न्यूट्रल असलंच पाहिजे असं बंधन घातलं. न्यूट्रल तिथे आहे ते दोन विरुद्ध दिशांच्या मधली भिंत म्हणून, गाडी ढकलायची किंवा धुलाईच्या पट्ट्यावरून न्यायची तर सोय म्हणून.

एक आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. आपल्याकडे सिग्नलला दुचाक्या बंपरला खेटून उभ्या राहतात. पाय जरा ढिला पडला की ‘डी’मधली गाडी पुढे सरकते, आणि पुढे माणूस आहे. पण ‘एन’मध्ये पाय सोडून बसणंही सुरक्षित नाही, रस्त्याला जरा उतार असला की गाडी घरंगळते. ऑटो होल्ड असेल तर तो वापरावा. थांबणं लांबणार असेल, तर ‘पी’, हँडब्रेक, आणि जमलं तर इंजिन बंद. केशकालच्या घाटात ट्रकांची रांग अडली की हेच करावं. उतारावर ‘एन’मध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवू बघणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगेन की इंजिनाची रोक गमावून सगळा भार ब्रेकवर टाकू नका.

बाकीच्या जातींचं थोडक्यात. बहुतेक सीव्हीटींच्या पुढेही कन्व्हर्टरच असतो, त्यांना वरचं सगळं लागू. 2014 च्या सेलेरिओपासून आपल्याकडे घरोघरी पोचलेली एएमटी ही मुळात साधी गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायला यंत्र. ब्रेक दाबला की क्लच पूर्ण उघडतो, त्यामुळे सिग्नलपुरतं ‘डी’ ठीक. थांबा लांबला तर तिथे ‘एन’ला अर्थ आहे, बेअरिंगवरचा दाब सुटतो. तिच्यात फार जपायचं ते चढावर. ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की काकांची ती प्लेट खरोखरच जाते. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये उलटंच आहे. ‘एन’मध्ये बॅटरी चार्ज होत नाही, आणि उन्हात एसी तर तिच्यावरच चालतो.

या सगळ्या जातींना एक गोष्ट कन्व्हर्टरकडून घ्यावी लागली. ब्रेक सोडला की गाडी आपोआप मुंगीच्या पावलानं निघते ती चाल. फ्योटिंगरला ती नको होती, हवीही नव्हती. तेल फिरतं म्हणून ती होते. पण लोकांच्या पायाला तिची इतकी गोडी लागली की एएमटीमध्ये क्लच जरासा टेकवून, आणि काही इलेक्ट्रिक गाड्यांत तर मोटरला मुद्दाम थोडा प्रवाह देऊन, ती सॉफ्टवेअरनं उभी केली जाते. गोलबाजारात, भाजीच्या हातगाड्या आणि सायकलरिक्षांच्या मधून, ॲक्सिलरेटरला पाय न लावता फक्त ब्रेकवरचा दाब कमी-जास्त करत गाडी नेऊन बघावी. एएमटी पहिल्या वीतभर अंतरात अडखळते, क्लच धरू की सोडू असं तिचं होतं. मोटर बरीच जवळ येते. तेलावरची गाडी मात्र पाय जितका उचलाल तितकीच निघते, म्हणून गाडी पारखायची तर मी तिला आधी गोलबाजारात नेते, हायवेला नंतर.