ओव्याची पुरचुंडी : एका संदेशाचे परीक्षण

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एक संदेश घरोघरच्या मोबाइलवर पोचला. कापूर, लवंग आणि ओवा फडक्यात बांधा, त्यावर निलगिरी तेलाचे थेंब टाका आणि दिवसभर हुंगा. रक्तातील ऑक्सिजन वाढेल, असा त्याचा आशय होता. लडाखमध्ये पर्यटकांनाही अशी पुरचुंडी देतात, अशी पुस्तीही जोडलेली होती. अमरावती-अकोल्यात रुग्णवाढ फेब्रुवारीतच सुरू झाली होती. तेल्हारा तालुक्यातील हिवरखेडहून मोठे रुग्णालय गाठायचे तर अकोल्याला जाणे आले; ओवा मात्र घरच्या डब्यात. लोकांनी विश्वास का ठेवला, हे समजण्यासारखे आहे. तो योग्य होता का, ते तपासू.

आधी जमेची बाजू. ओव्याच्या दाण्यात (वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते बी नसून फळ होय) साधारण २ ते ४ टक्के सुगंधी तेल असते. त्या तेलाचा सुमारे निम्मा भाग थायमॉल, म्हणजेच आपले 'ओव्याचे फूल'. ते जंतुनाशक आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी थायमॉल काढण्यासाठी भारतातून ओवा जर्मनीला जात असे. १९०९ मध्ये रॉकफेलर यांच्या देणगीतून अमेरिकेत अंकुशकृमीविरुद्ध मोहीम उभी राहिली, तेव्हा तिचे मुख्य औषध थायमॉलच होते.

पण मात्रा किती? प्रौढाला सुमारे ४ ग्रॅम. आता हिशेब करू. १०० ग्रॅम ओव्यात थायमॉल १ ते २ ग्रॅम. म्हणजे एका मात्रेसाठी २०० ते ४०० ग्रॅम ओवा हवा. आपण फार तर चमचाभर, सुमारे २ ग्रॅम ओवा खातो. त्यातून २० ते ४० मिलिग्रॅम थायमॉल मिळते. औषधी मात्रेचा फार तर शंभरावा भाग! म्हणूनच भजीतला ओवा निर्धोक आहे आणि नेमक्या त्याच कारणाने 'चमचाभर ओव्याने जंत मरतात' हा दावा टिकत नाही. पूर्ण मात्रेत थायमॉल विषारी ठरे. तेला-तुपाबरोबर ते रक्तात अधिक शोषले जाई, म्हणून त्या दिवशी स्निग्ध पदार्थ व मद्य वर्ज्य असत. तरीही काही रोगी दगावले.

आता ऑक्सिजनचा दावा. कोविडमध्ये ऑक्सिजन घटतो, तो फुप्फुसातील वायुकोशांना सूज येऊन वायूंची देवाणघेवाण मंदावते म्हणून. तिथे नाकाला आलेला गारवा काय करणार? मेंथॉलवरील प्रयोगांत असे दिसले, की नाक मोकळे झाल्याचे जाणवते, पण हवेच्या वाटेतील अडथळा प्रत्यक्षात कमी होत नाही. उग्र वासांमुळे वाटणारा मोकळेपणा आणि ऑक्सिमीटरवरचा आकडा या दोन भिन्न गोष्टी आहेत. संदेशाने पहिलीला दुसरी मानले. ही त्याची मूळ चूक. बरे वाटतेय म्हणून रुग्ण घरी थांबला, तर मोलाचे तास हातचे जातात.

दुसरी चूक मौनाची. कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येतात, जीवही जाऊ शकतो. पुरचुंडी मुलांच्या हाती पडू शकते. याविषयी संदेशात अवाक्षर नाही. नावाचाही घोळ ध्यानात ठेवावा : 'खुरासनी ओवा' हा ओवा नव्हे. ती धोतऱ्याच्या कुळातील विषारी वनस्पती आहे. गरोदरपणी ओव्याचे अर्क वा तेल डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये.

शिक्षकांना आमची सूचना अशी : असा एखादा संदेश फळ्यावर लिहा आणि मुलांना तीन प्रश्न विचारू द्या. कोणता पदार्थ? किती? परिणाम मोजला कशाने? ओव्याची निंदा करण्याचे कारण नाही. तो फोडणीत आणि पुऱ्यांत खुशाल राहो. पण ज्या संदेशात 'किती' हा शब्दच नाही, त्याच्या हाती घरातील माणसाचा श्वास सोपवता येत नाही.