दोन भाषांतरे आणि रमजानचा मुक्काम

कुराणाची इंग्रजी भाषांतरे पुष्कळ झाली. त्यांपैकी इंग्रजी वाचणाऱ्या मुसलमानांच्या घरी जी दोन पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली, ती दोन्ही बहुतांशी हिंदुस्थानच्या भूमीवर सिद्ध झाली, ही गोष्ट आपल्याकडील साहित्यचर्चेत फारशी कोणी ध्यानात घेत नाही. मार्माड्यूक पिक्थॉल यांचे भाषांतर निजामाच्या चाकरीत असताना झाले व १९३० मध्ये प्रसिद्ध झाले. अब्दुल्ला यूसुफ अली यांचे भाषांतर १९३४ पासून लाहोरास भागाभागाने निघू लागले आणि तीनएक वर्षांत पुरे झाले. या दोन ग्रंथांची समग्र तुलना करण्याचा प्रस्तुत लेखकाचा विचार नाही. तो अधिकार अरबी जाणणाऱ्या पंडितांचा. येथे केवळ एका आयतीतील एका शब्दाचा विचार करावयाचा आहे. कारण पश्चिमेकडे वसलेल्या मुसलमान कुटुंबांस दरसाल पडणारा एक प्रश्न या शब्दाशी निगडित आहे. रमजान कोठे करावा? राहत्या शहरात, आईबापांच्या गावी, की मक्केस?

ही आयत दुसऱ्या सूरेतील १८५ वी. ज्या महिन्यात कुराण उतरले त्या महिन्याचे माहात्म्य सांगून ती म्हणते की तुमच्यापैकी जो त्या महिन्यात ‘असेल’ त्याने रोजे धरावेत. जो आजारी असेल वा प्रवासात असेल त्याने तितके दिवस मागाहून भरून काढावेत. देव तुमची सोय इच्छितो, अडचण इच्छीत नाही. ‘असेल’ हा शब्द आम्ही मुद्दाम मोघम ठेवला आहे. मूळ अरबी क्रियापद ‘शहिद’ हे आहे. त्यात साक्षी असणे आणि हजर असणे हे दोन्ही अर्थ नांदतात. ‘शाहीद’ म्हणजे साक्षीदार हे उर्दूच्या परिचयाने आपणांसही ठाऊक आहे. म्हणून ज्यास महिना लागल्याचे कळले तो, असाही अर्थ होतो. आणि जो प्रवासात नाही तो, असाही होतो.

पिक्थॉल यांनी येथे ‘हजर’ या अर्थाचा एक साधा इंग्रजी शब्द ठेवला आणि ते पुढे गेले. कोठे हजर, हे त्यांनी सांगितले नाही. यूसुफ अली यांनीही तोच शब्द घेतला, परंतु त्यापुढे कंस करून ‘आपल्या घरी’ अशा अर्थाची पुस्ती जोडली. मूळात घर नाही. ते भाषांतरकाराने आणलेले आहे.

कंसाचा बचाव करता येईल. पुढे लगेच प्रवाशाचा अपवाद आहे, तेव्हा प्रवासी नव्हे तो घरी असलेला, हे अनुमान सरळ आहे, असे अलींच्या बाजूने कोणी म्हणेल. आम्हांस मात्र हे अनुमान दिसते तितके सरळ वाटत नाही. धर्मशास्त्रात प्रवाशाच्या विरुद्ध शब्द ‘घरी असलेला’ हा नसून ‘मुकीम’, म्हणजे मुक्काम केलेला, हा आहे. आणि हा मुक्काम किती दिवसांचा असावा? हनफी पंथाप्रमाणे एका ठिकाणी पंधरा दिवस राहण्याचा इरादा केला की मनुष्य तेथला मुकीम झाला. शाफी पंथाप्रमाणे येण्याजाण्याचे दिवस सोडून चारच दिवस पुरेत. आपल्या सोलापुराकडील दख्खनी मुसलमान बहुतेक हनफी, तर कोकणी मुसलमान शाफी. म्हणजे रत्नागिरीचा मनुष्य लंडनास उतरून आठवडाभर राहावयाच्या इराद्याने टेकला की शास्त्राच्या दृष्टीने तो परदेशी राहिला नाही. शास्त्राने इतक्या उदारपणे जे दिले ते अलींच्या कंसाने आवळून टाकले. ‘घर’ या शब्दाची चार दिवसांत समजूत पटत नाही. तीन पिढ्यांतही ती पटेलच असे नाही.

चरित्रावरून शब्दांचे अर्थ लावण्याची टीकापद्धती आम्हांस सहसा रुचत नाही. अलीकडे तिचा अतिरेकही फार होतो. तरीही या दोघांची चरित्रे इतकी विलक्षण उलटसुलट आहेत की ती नजरेआड करणे कठीण. पिक्थॉल जन्माने इंग्रज आणि नावाजलेले कादंबरीकार. त्यांनी १९१७ मध्ये इस्लामचा उघड स्वीकार केला, १९२० मध्ये ते ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होऊन मुंबईस आले आणि १९२५ पासून हैदराबादेस राहिले. (मुंबईहून हैदराबादेची आगगाडी तेव्हाही आमच्या सोलापुरावरूनच जात असे.) या पाश्चात्त्य मुसलमानाचे सुमारे पंधरा वर्षांतील बहुतेक रमजान दख्खनच्या आसपास गेले. उलट यूसुफ अली विल्सन कॉलेजात शिकलेले, मुंबई विश्वविद्यालयाचे पदवीधर, पुढे केंब्रिज आणि सनदी नोकरी, दोन विवाह इंग्लंडात झाले आणि दोन्ही सुखाचे झाले नाहीत, मुले दुरावली. भाषांतर छापले जात होते त्या काळी ते लाहोरास इस्लामिया कॉलेजाचे प्रिन्सिपॉल होते खरे, पण तेथेही ते बिऱ्हाडकरूच. अखेर १९५३ च्या डिसेंबरात लंडनच्या रस्त्यावर ते निराधार स्थितीत पोलिसांस आढळले व लौकरच वारले. जो इंग्रज आपले गाव सोडून येथे रमला त्यास ‘घर’ हा शब्द घालण्याची गरज वाटली नाही, आणि ज्यास कोठेच घर राहिले नव्हते त्याने तो कंसात घातला. यावरून काही सिद्ध होते असे नाही. दोघांच्या कबरी मात्र इंग्लंडात ब्रुकवूडच्या एकाच दफनभूमीत आहेत.

आता अलींचा ग्रंथ उघडून बसलेल्या लंडनमधील कोकणी कुटुंबाकडे वळू. आजोबा रत्नागिरीकडून आले, नातवंडे तेथेच जन्मली. आप्तांपैकी कोणी केप टाउनला असण्याचाही संभव आहे, कारण तेथे कोकणी मुसलमानांची वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. २०१६ चा रमजान जूनमध्ये आला. त्या दिवसांत लंडनचा रोजा अठरा तासांहून अधिक, रत्नागिरीचा साडेचौदा तासांच्या आसपास, आणि केप टाउनला ऐन हिवाळा असल्याने बारा तासांहून थोडा कमीच. एकाच कुळाच्या तीन शाखांस त्याच दिवशी तीन निरनिराळे उपवास घडले. अशा वर्षी कोणी ‘यंदा रमजान गावाकडे करू’ म्हटले की शेजारी म्हणणार, उपवास चुकविण्यास पळाले. आणि न गेले तर गावाकडचे म्हणणार, साहेब झाले.

परंतु चांद्र महिना दरसाल दहाअकरा दिवस मागे सरतो. २०२६ सालचा रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धातला. त्यातील लंडनचा पहिला रोजा सोलापुरातील रोजाहून लहान भरतो. जूनमधील दीर्घ रोजे आता २०४७ च्या सुमारास परत येतील. तेव्हा तासांचा हिशेब हेच कारण असते तर मधली वीस वर्षे हा प्रश्न कोणास पडताच ना. तो पडतो, कारण रोजा एकट्याने धरता येतो, सोडावयास मात्र माणसे लागतात. सहरीस उठविणारी आई, सूर्यास्ताची बांग कानी येणे, तरावीहच्या नमाजाहून परततानाची गल्लीतील वर्दळ, ही आयतीत कोठेही नाहीत. पण लोक तिकीट काढतात ते यांच्यासाठी. मक्केचे आकर्षण याहून निराळे, कारण रमजानातील उमऱ्याचे पुण्य हजच्या तोडीचे सांगितले आहे. आणि सौदी सरकारने २०१९ मध्ये पर्यटकांस दारे उघडल्यापासून ती वाटही सुलभ झाली. इकडे लंडनमध्येही २०१३ पासून उघड्या मैदानात सर्वांसाठी इफ्तार मांडला जातो, आणि २०२३ पासून पिकॅडिलीच्या रस्त्यावर रमजानची रोषणाई होते. रोषणाईने शहर घर होते असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या नातवंडाने सूर्यास्त पाहिला तो तेथलाच, त्यास ‘आपले घर’ म्हणून कोकणातील कौलारू घर दाखविणे हा कंसाचा जुलूमच होय. या निवडीत निष्ठेची कसोटी पाहणारे दोन्ही बाजूंस आहेत, आणि दोघेही वाचतात तो कंसच.

यासाठी साता समुद्रांपलीकडे जावयास नको. सोलापुराबाहेर पुण्याच्या रस्त्यावर चिंचोळी एमआयडीसी आहे. टॉवेलचे, यंत्रभागांचे, रसायनांचे कारखाने. त्यांत परगावचे, परप्रांतांचे कामगार, त्यांत मुसलमानही. दुसऱ्या पाळीवर असलेल्याचा रोजा सुटावयाचा तो यंत्रापाशीच, खजूर व पाण्यावर, शेजारच्या यंत्रावरील मनुष्याने चार मिनिटे लक्ष ठेवावयाचे कबूल केले तर. रजा मागावी ती पहिल्या रोजास की ईदेस, हा त्याचा प्रश्न लंडनकराच्याच प्रश्नाचा धाकटा भाऊ. त्यास परदेशी कोणी म्हणत नाही, म्हणून त्यावर लेखही कोणी लिहीत नाही.

मराठी भाषांतरकाराने ही आयत हाती घेतली तर त्याने काय करावे? आमच्या मते पिक्थॉल यांचा संयम घ्यावा, पण ‘हजर’ हा कचेरीतला शब्द घेऊ नये. आपल्याजवळ ‘मुक्कामी’ हा शब्द तयार आहे. तो त्याच अरबी धातूचा, शास्त्रातील ‘मुकीम’चा सख्खा. पत्रावर आपण ‘मु. पो. चिंचोळी’ लिहितो तेव्हा जन्मगाव विचारीत नाही, पत्र पोहोचावयाचे ते ठिकाण सांगतो. आक्षेप एवढाच निघेल की एका रात्रीच्या धर्मशाळेतील वस्तीसही मराठीत मुक्कामच म्हणतात, आणि तसा मनुष्य शास्त्राने अद्याप प्रवासी होय. तेवढ्यापुरती तळटीप द्यावी: हनफींस पंधरा दिवस, शाफींस चार.