आपेगावकर, शंकरबापू

आपेगावकर, शंकरबापू : विसाव्या शतकातील ख्यातनाम महाराष्ट्रीय पखवाजवादक व वारकरी मृदंगपरंपरेचे प्रमुख प्रतिनिधी. मूळ आडनाव शिंदे. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई परिसरातील आपेगाव हे त्यांचे गाव. ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचे पैठणजवळील आपेगाव याहून निराळे. भारत सरकारने १९८६ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले.

पखवाजाच्या इतिहासात सामान्यतः कुदऊसिंह व नाना पानसे यांच्या घराण्यांचा विचार होतो. वाईजवळील बावधनचे पानसे इंदूर दरबारी नावारूपास आले. वारकरी मृदंगाला मात्र दरबार नव्हता. गावोगावचे सप्ताह, कीर्तने व पंढरीची वारी हाच त्याचा आश्रय. ख्यालाबरोबर तबला रूढ झाला व ध्रुपद मागे पडले, तरी महाराष्ट्रात पखवाज नित्याच्या वापरात राहिला, तो मुख्यतः भजन-कीर्तनामुळे. त्यामुळे आपेगावकरांच्या सन्मानास वैयक्तिक गौरवापलीकडचा अर्थ आहे.

वाद्य एकच असले, तरी त्याची कामे दोन आहेत. ध्रुपदाच्या साथीत बारा मात्रांचा चौताल वा चौदा मात्रांचा धमार धरून वादक परणांनी गायकाच्या लयकारीला उत्तर देतो. कीर्तनात आठ मात्रांच्या भजनी ठेक्यावर त्याला टाळकऱ्यांचा समुदाय एका लयीत बांधून ठेवावा लागतो. त्यासाठी डाव्या तोंडावरील कणकेमुळे येणारा घुमारा, उजव्या तोंडावरील मोकळी थाप आणि अढळ ठेका आवश्यक ठरतो. भजनातील वादन केवळ जोरकस असते, हा आक्षेप म्हणूनच अपुरा आहे. तो जोर समूहाची लय सांभाळण्याच्या गरजेतून येतो.

तथापि या परंपरेला मर्यादाही आहेत. टाळांच्या गजरात नाजूक बोल लोपतात व दीर्घ परणांच्या विस्तारास अवसर थोडा मिळतो. विद्या मौखिक असल्याने कोणती रचना कोणाची, हे ठरविणेही अवघड जाते. शंकरबापूंचे पुत्र उद्धवबापू आपेगावकर यांनी हे वादन मैफलीच्या व्यासपीठावर नेले. तेथे सूक्ष्म बोल ऐकू येतात; पण टाळकऱ्यांना सांभाळण्याची जबाबदारी उरत नाही. या कलेची खरी कसोटी मात्र त्याच जबाबदारीत आहे. (→ पखवाज).