स्मारक आणि स्थळनिर्णय : सातारा व सांगली

जुने वाडे पाडून त्यांचे जागी नवी वस्ती उभारताना थोडी जागा ‘स्मारकासाठी’ राखून ठेवण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. हेतू स्तुत्य होय. तथापि त्या जागेत काय असावे, याचा निर्णय बहुधा वास्तुकार व मूर्तिकार यांजकडेच राहतो. इतिहासाच्या अभ्यासकास समारंभाचे निमंत्रण तेवढे येते. ही रीत आम्हांस सदोष वाटते. पोथीच्या परिभाषेत बोलावयाचे तर स्थळ हे मूळ आणि पुतळा हे भाष्य होय. मूळ खोडून त्यावर भाष्य लिहिणारा लेखक आपण कधीच प्रमाण मानीत नाही.

साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यात भरत आलेली प्रतापसिंह हायस्कूल ही शाळाच पाहा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे दाखल झाले. नोंदवहीत १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा’ हे त्यांचे बालपणीचे नाव आहे. हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळावा, असे २०१७ साली ठरले. वास्तू, नोंद व तिथी या तिहींचा असा मेळ क्वचितच बसतो. येथे नवे उभारण्यापेक्षा वाड्याची मूळ घडण राखणे आणि नोंदीची यथामूल प्रतिकृती लावणे, हेच खरे स्मारक होय.

गेंडामाळाची गोष्ट निराळी. रंगो बापूजी गुप्ते यांच्या कटातील १७ जणांना ८ सप्टेंबर १८५७ रोजी तेथे देहदंड झाला : पाच फाशी, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्या घालून. दंडाचे प्रकार तीन, तेव्हा माळावरील मांडणीही तीन प्रकारची असली पाहिजे. माळाभोवती आता शहर वाढले आहे. सर्वांसाठी एकच चौथरा बांधला की हा भेद वाचकाच्या दृष्टीआड होतो.

सांगलीस २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील सहकाऱ्यांसह तुरुंग फोडून तटावरून निसटले. अण्णासाहेब पत्रावळे व बाबुराव जाधव त्या प्रसंगी हुतात्मे झाले. हा प्रसंग एका बिंदूवर घडलेला नाही, एका वाटेवर घडलेला आहे. वाटेचे स्मारक चौकातील पुतळ्याने होत नाही. तटापासून नदीच्या दिशेने फरसबंदीत ठिकठिकाणी साधे दगड बसविले तरी चालणाऱ्यास ती वाट वाचता येईल. मात्र वाटेचा जो भाग केवळ ऐकीव असेल, त्याच्या दगडावर तसे स्पष्ट कोरावे. पाठभेद लपविणे हे संपादकाचे काम नव्हे.

यास विलंब लावता येणार नाही. एका गावी, नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, आम्ही जुन्या जोत्याची मापे आधी घ्यावीत अशी विनंती केली होती. ती मान्यही झाली. दोन महिन्यांनी गेलो तो जोत्याचे दगड भरावात गेले होते आणि वर हिरवळ लाविली होती. हिरवळ सुंदर होती. हरवलेल्या पोथीची नक्कल एखादे वेळी दुसऱ्या दप्तरात सापडते. उखडलेल्या जोत्याची नक्कल कोठेही नसते.

म्हणून सभासदांस विनंती की, ज्यांचे संग्रही या दोन्ही शहरांचे जुने नकाशे, वाड्यांच्या बांधकामाचे हिशेब वा मोजणीचे कागद असतील, त्यांनी ते कोनशिला बसण्यापूर्वी प्रकाशात आणावेत. त्यानंतर आणलेला कागद कितीही अस्सल असला तरी तो ताडून पाहण्यास जागा उरत नाही.