आवाज सातासमुद्रापार कसा जातो? : कारुसो आणि केशवराव भोसले

ऑपेरातल्या गायकावर नागोठण्यात व्याख्यान कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे नाट्यसंगीताचा विषय निघाला की एक हळहळ हमखास ऐकू येते: आपले गायक त्या तोडीचे होते, पण जगाला कळलेच नाहीत. ही हळहळ आज आम्हाला जरा तपासून बघायची आहे. त्यासाठी दोन गायक घेऊ. एन्रिको कारुसो २ ऑगस्ट १९२१ रोजी नेपल्समध्ये गेला, वय ४८. केशवराव भोसले ४ ऑक्टोबर १९२१ रोजी गेले, वय अवघं ३१. मध्ये जेमतेम दोन महिने. दोघंही रंगभूमीवर गाणारे, दोघांचाही आवाज टिपेचा. एकाचं नाव जगभर, दुसऱ्याचं महाराष्ट्रात. असं का?

टेनर म्हणजे पुरुषाचा वरच्या पट्टीचा आवाज. ऑपेरातला नायक बहुधा टेनर असतो. कारुसोची वाट बघा: सेंट पीटर्सबर्ग, ब्वेनोस आयरेस, १९०० मध्ये मिलानचं ला स्काला, १९०२ मध्ये लंडनचं कोव्हेंट गार्डन, आणि नोव्हेंबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन. तिथे तो डिसेंबर १९२० पर्यंत आठशेहून अधिक वेळा गायला. न्यूयॉर्कमध्ये त्याने पहिल्यांदा गायलेला ‘रिगोलेतो’ वेर्दीने १८५१ सालीच लिहून ठेवला होता. म्हणजे कारुसोच्या जन्माआधी २२ वर्षं त्याची भूमिका, सुरांसकट, कागदावर तयार होती. वाद्यवृंद तिथला, बाकीचे गायक तिथले. याने फक्त जाऊन उभं राहायचं आणि गायचं.

हे पेणच्या शेजारी बसून समजायला अवघड नाही. पेणचा गणपती परदेशी जातो कारण साचा आहे. साच्यातून मूर्ती निघते, आणि मग डोळ्यांची आखणी हाताने होते. जीव येतो तो आखणीने, पण साच्याशिवाय इतक्या मूर्ती झाल्याच नसत्या. ऑपेराची स्वरलिपी हा साचा. कारुसोचा गळा ही आखणी.

आता आपलं जुनं संगीत नाटकाचं पुस्तक उघडा. पदाच्या वर काय छापलेलं असतं? राग, ताल, आणि ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले दोन-चार शब्द. ते गाणं ज्याला येतं त्यालाच हे पद गाता येणार. खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला १९११ साली गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, त्या गळ्यातून गळ्यात गेल्या. शिवाय आपला गायक पद वाढवतो, फिरवतो, वन्समोअरला वेगळंच गातो. ही आपली श्रीमंतीच आहे. पण ती पेटीत भरून बोटीवर चढवता येत नाही.

दुसरा फरक मंडळीचा. केशवराव लहानपणी ‘शारदा’त शारदेचं काम करून गाजले, आणि १९०८ साली हुबळीला त्यांनी स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. नट, मालक, गायक सगळं एकच माणूस. गावोगाव जायचं तर पडदे, साथीदार, पोरं, आचारी असं सगळं बिऱ्हाड बरोबर. कारुसो एकटा बोटीत बसला की काम झालं. केशवरावांना अख्खं संस्थान हलवावं लागे.

भाषेचं कारण सांगतात, ते आम्हाला पुरतं पटत नाही. न्यूयॉर्कच्या कितीतरी श्रोत्यांना इटालियन कळत नव्हती. हां, इटलीतून गेलेले लाखो लोक न्यूयॉर्कला, ब्वेनोस आयरेसला आधीच होते, हे खरं. आपली माणसं अमेरिकेत मोठ्या संख्येने गेली ती १९६५ च्या कायद्यानंतर. तोवर मंडळ्यांचा काळ सरला होता.

तिसरं, ध्वनिमुद्रण. एप्रिल १९०२ मध्ये फ्रेड गायस्बर्गने मिलानला कारुसोची दहा गाणी मुद्रित केली. तोच माणूस त्याच वर्षअखेर कलकत्त्याला आला आणि गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. आमचे भाऊराव कोल्हटकर, ज्यांच्यावर किर्लोस्कर मंडळी उभी होती, ते १९०१ च्या फेब्रुवारीतच गेले होते. पावणेदोन वर्षांचं अंतर, आणि एक आवाज कायमचा गेला.

पण जगभर जाण्याची किंमतही असते, ती कोणी मोजत नाही. दोनिझेत्तीच्या ‘लेलिझिर दामोरे’मधलं एकच गाणं कारुसोचं १९०४ चं आणि १९११ चं लागोपाठ ऐका. पहिल्यात आवाज हलका, लवचीक. दुसऱ्यात जाड, गडद, भारदस्त. प्रचंड नाट्यगृहं, जड भूमिका, वर्षानुवर्षं तेच. आमच्या कानाला पहिला जास्त गोड लागतो. आणि नेपल्स! जन्मगावी झालेलं थंड स्वागत त्याला इतकं लागलं की १९०२ नंतर तो तिथल्या रंगभूमीवर पुन्हा गायला नाही.

केशवरावांचं मोठेपण वेगळ्या मापाने मोजायला हवं. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं, टिळक स्वराज्य फंडासाठी. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एका रंगमंचावर! त्या रात्री केशवराव एका गावाच्या, एका समाजाच्या गरजेला गात होते. हे काम बाहेरून पाहुणा आलेला गायक करू शकत नाही.

म्हणून ‘मराठी कारुसो’ ही पदवी आम्हाला नको. मात्र हळहळ सोडली तरी जबाबदारी सुटत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, कोल्हापुरातलं त्यांच्या नावाचं नाट्यगृह आगीत जळालं. महाराष्ट्र हळहळला. पण इमारत पुन्हा बांधता येते. चाली ज्यांच्या गळ्यात आहेत ती माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्यासमोर बसून पद न् पद, त्याच्या जागांसकट, लिहून आणि मुद्रित करून घेतलं पाहिजे. परदेशी पाठवायला नव्हे. पुढच्या पिढीतल्या पोराला, मग ते रोह्याचं असो की न्यू जर्सीचं, गायला साचा मिळावा म्हणून. आखणी त्याची तो करेल.